तेरची पांढर आणि त्रिविक्रमाचे देऊळ : वापरात राहून टिकलेल्या वारशाचे एक प्रकरण

धाराशिव शहरापासून साधारण २० किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे गाव बाहेरून येणाऱ्याला मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या खेड्यासारखेच वाटते. काळी जमीन, माळवदाची जुनी घरे, त्यांच्या मधोमध उभी राहिलेली सिमेंटची नवी घरे, नदीकडे उतरणाऱ्या वाटा आणि संत गोरा कुंभारांच्या समाधीकडे जाणारे भाविक, एवढेच प्रथम नजरेत भरते. येथे दुरून दिसणारा किल्ला नाही, राजवाडा नाही, डोंगरात कोरलेले लेणे नाही. तरीही सातवाहनकालीन महाराष्ट्राचा अभ्यास करणाऱ्याला तेर टाळून पुढे जाता येत नाही, कारण छतासह उभी असलेली विटांची प्राचीन वास्तू, हजारोंच्या संख्येने जपलेल्या पुराणवस्तू आणि संतपरंपरेचे एक जागते स्थान या तिन्ही गोष्टी या एकाच गावात आहेत.

या प्रकरणात तपासायचा प्रश्न असा आहे की, सरकारी संरक्षणाचा हात फार उशिरा पोहोचलेल्या या गावात एवढे सारे टिकले कसे, आणि टिकताना त्यातले काय गेले. प्रस्तुत लेखकाचे मत आरंभीच सांगून टाकतो. तेरमध्ये जे टिकले ते 'वारसा' म्हणून कुणी जपले म्हणून टिकलेले नाही, तर ते कुणाच्या तरी रोजच्या उपयोगात राहिले म्हणून टिकले. आणि त्याच उपयोगाने त्या वस्तूंविषयीची बरीचशी माहिती पुसून टाकली. या दोन्ही बाजू एकाच व्यवहाराच्या आहेत, आणि तेरविषयी लिहिताना बहुतेक वेळा त्यांपैकी एकच सांगितली जाते.

तगर ते तेर

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत दक्षिणापथातील दोन बाजारपेठांचा विशेष उल्लेख आहे. पहिली पैठण, जी गुजरातच्या किनाऱ्यावरील भडोच बंदरापासून दक्षिणेला सुमारे २० दिवसांच्या वाटेवर होती, आणि दुसरी पैठणच्या पूर्वेला आणखी सुमारे १० दिवसांच्या वाटेवर असलेली तगर, जिला या अनामिक लेखकाने फार मोठे शहर म्हटले आहे. पैठणहून गोमेदासारखे मौल्यवान दगड आणि तगरहून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल व इतर माल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या प्रदेशातून भडोचला जात असे, असे तो सांगतो. भूगोलकार टॉलेमीनेही तगरचा उल्लेख केला आहे. पुढे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, म्हणजे प्रत्यक्ष राज्य कोकणात किंवा कोल्हापूरच्या परिसरात असतानाही आपले मूळ सांगताना त्यांना तगरचे नाव मिरवावेसे वाटत असे.

एवढे प्रसिद्ध नगर नेमके कुठे होते, हे मात्र एकोणिसाव्या शतकात कुणालाच ठाऊक नव्हते. देवगिरी, जुन्नर, कोल्हापूर, धारूर अशी अनेक स्थळे वेगवेगळ्या अभ्यासकांनी सुचवून पाहिली. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे निजामाच्या राज्यातील तेर हे मत मांडले, आणि त्यानंतर लगेचच पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे हेन्री कझिन्स यांनी गावाची पाहणी करून आपला वृत्तांत खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात प्रसिद्ध केला. भाषेच्या अंगाने पाहिले तर 'तगर'चे 'तेर' होणे मराठी माणसाला अवघड वाटू नये. प्राकृतात दोन स्वरांमधला 'ग' गळतो, त्या जागी 'य' येतो आणि पुढे स्वर एकत्र येतात. 'नगर'चे 'नयर' आणि मग 'नेर' होऊन संगमनेर, पारनेर यांसारखी नावे झाली असे जे मानले जाते, तोच हा नियम आहे. अंतराचा मेळही बसतो. पैठण आणि तेर यांच्यात सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटर अंतर आहे, जे बैलगाडीला १० दिवसांत सहज तोडता येते. दिशा मात्र पूर्वेपेक्षा आग्नेयेची आहे. पण दुसऱ्याकडून ऐकून लिहिणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने अंतर्भागातल्या गावाची दिशा इतपत बरोबर सांगितली, हेच पुष्कळ म्हणायला हवे.

या साऱ्यात लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, गावकऱ्यांनी 'तेर' हे नाव कधीच सोडले नव्हते. विद्वान तगर शोधत होते, आणि तेरचे लोक ते नाव दररोज उच्चारत होते.

देवळाने राखलेली वास्तू

तेरचे त्रिविक्रम मंदिर हे या प्रकरणाचे केंद्र आहे. समोरून पाहताना प्रथम दिसतो तो नंतर जोडलेला सपाट छताचा मंडप. त्याच्यामागे जे मूळ दालन आहे, त्याचे पुढचे टोक सरळ आणि मागचे टोक अर्धगोल आहे. अशा आराखड्याला आपल्याकडे चापाकार किंवा गजपृष्ठाकार म्हणतात, आणि वरचे छत खरोखरच हत्तीच्या पाठीसारखे लांबट व गोलसर आहे. या छताच्या दर्शनी टोकाला, मंडपाच्या वर, चैत्यकमानीचा तो ओळखीचा आकार दिसतो, जो कार्ले, भाजे येथील लेण्यांच्या दर्शनी भागात आपण पाहिलेला असतो. फरक एवढाच की तेथे तो कातळात कोरलेला आहे आणि येथे विटांनी बांधलेला आहे. किंबहुना क्रम उलटा लावायला हवा. लेणी कोरणाऱ्यांनी ज्या बांधीव दालनांची नक्कल दगडात उतरवली, त्या लाकडी व विटांच्या दालनांची परंपरा तेरच्या या वास्तूत शिल्लक राहिली आहे.

छत उभारण्याची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. खऱ्या कमानीत विटा पाचरीसारख्या एकमेकींना दाबून धरतात. येथे तसे नाही. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर विटांचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित आत सरकवत नेला आहे, आणि असे करत करत वर दोन्ही बाजू एकमेकींना भेटवल्या आहेत. या पद्धतीत छताचा सगळा भार सरळ खाली भिंतींवर येतो, म्हणून भिंती जाड ठेवाव्या लागतात, दालनाची रुंदी आवरती घ्यावी लागते, आणि वीट जितकी हलकी तितके बांधणाऱ्याचे काम सोपे होते. तेरला सापडणाऱ्या जुन्या विटांपैकी काही इतक्या हलक्या आहेत की त्या पाण्यावर तरंगतात. चिखलात भाताचे तूस कालवून वीट भाजली की तूस जळून जाते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात; वीट आकाराने तेवढीच राहते, पण वजनाने पाण्यापेक्षा हलकी होते. तेलंगणातील पालमपेटच्या रामप्पा मंदिराच्या शिखरातही अशाच हलक्या विटा वापरल्या आहेत. तेरच्या विटेकडे कौतुकाची वस्तू म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. बांधकामाच्या दृष्टीने मात्र तिच्यामागे सरळ हिशेब होता.

कझिन्स यांनी हे दालन मूळचे बौद्ध चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचे प्रार्थनास्थळ, असावे असे मत दिले, आणि ते बहुतेकांनी स्वीकारले. त्याचा काळ साधारणपणे इसवी सनाच्या चौथ्या ते सहाव्या शतकादरम्यान धरला जातो. काही अभ्यासक त्याला आणखी मागे नेतात. दुसरीकडे, गजपृष्ठाकार आराखडा फक्त बौद्धांचा नव्हता, ऐहोळेचे दुर्ग मंदिर त्याच आकाराचे आहे, असाही आक्षेप घेतला गेला आहे. प्रस्तुत लेखकाला हा वाद महत्त्वाचा वाटत असला, तरी या प्रकरणापुरता तो निर्णायक वाटत नाही. आज या दालनात त्रिविक्रमाची, म्हणजे एक पाय उंच उचलून विश्व व्यापणाऱ्या विष्णूची, मूर्ती आहे. पूजा चालू आहे. आणि ती कित्येक शतके चालू राहिली आहे. वास्तू टिकण्याच्या दृष्टीने हीच बाब सर्वांत मोलाची आहे.

याचे कारण विटेच्या स्वभावात आहे. कातळातले लेणे ओसाड पडले तरी हजार वर्षे उभे राहते. विटांचे बांधकाम ओसाड पडले की दोन-तीन पिढ्यांत कोसळू लागते. पावसाचे पाणी सांध्यांत शिरते, त्यांतला चुना किंवा माती धुऊन जाते, पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी एखाद्या फटीत पडते, आणि त्या रोपट्याचे मूळ मनगटाएवढे झाले की भिंत उकलते. नांदत्या देवळात मात्र रोपटे वीतभर वाढायच्या आतच कुणीतरी उपटून टाकतो, गळणारी जागा पुढच्या पावसाळ्याआधी बुजवली जाते, उत्सवापूर्वी चुन्याचा हात फिरतो. त्या हाताला आपण संवर्धन करत आहोत याची जाणीवही नसते. भारतात छतासह उभ्या असलेल्या अशा बांधीव गजपृष्ठाकार वास्तू मोजक्याच आहेत, आणि तेरबरोबर नेहमी जिचे नाव घेतले जाते ती आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथील कपोतेश्वराची वास्तूसुद्धा नांदत्या देवळाच्याच रूपाने शिल्लक आहे. सांचीला मात्र, जेथे पूजा थांबली, अशा दालनांचे चौथरे आणि काही खांबच उरले आहेत.

तुलनेसाठी सांचीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. तेरमध्येच झालेल्या उत्खननात विटांच्या एका मोठ्या स्तूपाचा तळाचा भाग उघडा झाला. चाकाच्या आऱ्यांसारख्या आतल्या भिंती रचून त्याचा पाया बांधलेला होता. गाव तेच, माती तीच, वीट बनवण्याची रीतही त्याच परंपरेतली. पण स्तूपाला पुढच्या काळात कुणी वाली उरला नाही, आणि आज त्याचा पायाच तेवढा हाती लागतो. एकाच गावातल्या या दोन वास्तूंची ही जोडी म्हणजे या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा आहे.

आता या टिकण्याची किंमत. चुन्याच्या हातावर हात चढत गेले की विटांमधले सांधे दिसेनासे होतात, थरांच्या कडा बोथट होतात, बाहेरच्या भिंतीवरचे अर्धस्तंभ आणि पट्ट्या यांचे मूळ माप कळत नाही. मूळ बांधकाम कुठे संपले आणि दुरुस्ती कुठे सुरू झाली हे सांगणे कठीण होते, आणि काळ ठरवताना अभ्यासकांमध्ये दोन-दोन शतकांचा फरक पडतो, त्याचे एक कारण हेही आहे. समोरचा मंडप जोडला गेल्याने मूळ प्रवेशाचा दर्शनी भाग झाकला गेला. आत मूळची पूज्य वस्तू काय होती, स्तूप होता की आणखी काही, हे तर मूर्तीच्या स्थापनेबरोबरच मागे पडले. तरीही निवड करायची झाली, तर माहिती गमावून उभी राहिलेली वास्तू आणि माहितीसह भुईसपाट झालेली वास्तू यांपैकी पहिलीच कुणीही निवडील.

पांढर आणि तिचा उपसा

मराठी गावाच्या जुन्या व्यवहारात जमिनीचे दोन भाग मानले जातात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाऊ शेतजमीन, आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधली गेली, पडली, त्यांच्या मातीवर पुन्हा घरे उभी राहिली, चुलींची राख, शेणमाती, हाडे, खापऱ्या यांचे थर साचत गेले, आणि त्या जागेची माती भुरकट पांढरी झाली. पुरातत्त्वज्ञ ज्याला वसाहतीचे टेकाड म्हणतात, तिला गावकरी फार पूर्वीपासून पांढर म्हणत आले आहेत. ही जागा जुन्या वस्तीची आहे, हे सांगणारा यापेक्षा नेमका शब्द कुठल्याही परिभाषाकोशात सापडणार नाही.

तेरची पांढर विस्ताराने मोठी आहे आणि आजचे गावही काही प्रमाणात तिच्यावरच बसलेले आहे. अशा पांढरीचे नशीब मात्र देवळासारखे नसते, कारण तिचा उपयोग तिला संपवणारा असतो. माळवदाच्या घरावर दर काही वर्षांनी पांढऱ्या मातीचा थर द्यावा लागतो. ती माती चिवट असते, पाणी लवकर आत सोडत नाही, म्हणून छतासाठी हीच हवी असते. शेतकरी ही माती शेतातही टाकतात, कारण शतकानुशतकांच्या राखेने आणि शेणाने ती कसदार झालेली असते. जुन्या भिंतीची भाजकी वीट हाती लागली तर ती नव्या भिंतीत जाते. यात कुणाचा दुष्टपणा नाही, आणि अज्ञान म्हणावे तर तेही पूर्ण खरे नाही. आपल्या पांढरीत जुने काहीतरी आहे हे गावाला ठाऊकच असते. अडचण एवढीच की कुदळीच्या एका घावात दोन-तीन शतकांचे थर एकमेकांत मिसळतात, आणि एकदा मिसळले की ते कुठल्याही तंत्राने पुन्हा वेगळे करता येत नाहीत.

तेरमध्ये शास्त्रशुद्ध उत्खनन प्रथम १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांच्या मार्गदर्शनाखाली झाले, आणि त्याचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या दशकांत राज्य पुरातत्त्व विभागासह इतरांनीही येथे खोदकाम केले. या उत्खननांनी सातवाहन काळातील भरभराटीची वस्ती, भूमध्य समुद्राच्या परिसराशी असलेल्या व्यापाराच्या खुणा आणि हस्तव्यवसायांचे पुरावे दाखवून दिले. परंतु उत्खननाचे खड्डे म्हणजे एवढ्या मोठ्या पांढरीवर पडलेले चार-दोन टाके. बाकीच्या टेकाडातून दर पावसाळ्यात जे वाहून वर येत होते, ते अभ्यासकांच्या वाट्याला येतच नव्हते. ते कुणाच्या हाती पडत होते, हा या प्रकरणाचा पुढचा भाग.

लामतुरे यांचा संग्रह

रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच रहिवासी. पावसात उघड्या पडलेल्या, माती काढताना हाती आलेल्या, पोरांनी खेळायला उचललेल्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या आणि आपल्या घरी जपल्या. हा संग्रह पुढे शासनाकडे गेला आणि त्यातून गावातच राज्य पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे संग्रहालय उभे राहिले, जे आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. संग्रहातील वस्तूंची संख्या २० हजारांहून अधिक आहे. खेड्यातल्या एका माणसाने उभा केलेला, जागतिक व्यापाराची साक्ष देणारा आणि मूळ गाव न सोडलेला असा दुसरा संग्रह महाराष्ट्रात शोधूनही सापडणे कठीण आहे.

यातली एखादी वस्तू हातभर अंतरावरून पाहावी. केओलिन या पांढऱ्या, अतिशय बारीक मातीच्या छोट्या स्त्रीमूर्ती येथे मोठ्या संख्येने आहेत. केसांची रचना, त्यावरचे अलंकार, कानातली जड कुंडले, गळ्यातल्या माळा हे सारे नखाएवढ्या जागेत स्पष्ट उमटलेले दिसते. मूर्ती बाजूने पाहिली की डोक्यापासून खालपर्यंत जाणारी एक पुसटशी रेघ लक्षात येते. ती सांध्याची रेघ आहे. पुढचा आणि मागचा भाग दोन वेगळ्या साच्यांत दाबून काढायचे, ओले असतानाच एकमेकांना चिकटवायचे आणि मग भाजायचे, अशी ही रीत होती, आणि त्यामुळे मूर्ती आतून पोकळ, वजनाने हलकी आणि भाजताना न तडकणारी होई. दुहेरी साच्याचे हे तंत्र रोमन जगाशी आलेल्या संपर्कातून इकडे आले असावे, असे मत मांडले गेले आहे. रोमन नाण्यांची नक्कल करून मातीत उठवलेली पदकेही तेरला मिळाली आहेत. ती गळ्यात घालण्यासाठी केलेली असावीत. म्हणजे परदेशी नाण्याचे चलन म्हणून जे मोल होते, त्याखेरीज दागिना म्हणूनही त्याची हौस येथे होती, आणि ज्याला सोन्याचे परवडत नव्हते तो मातीच्या पदकावर ती भागवीत होता.

संग्रहातली सर्वांत गाजलेली वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. अशीच एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडली आणि सध्या ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. या दोन मूर्तींच्या तुलनेतच या प्रकरणाची दुखरी बाजू उघडी पडते. पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे तेथील मूर्ती त्या वर्षापूर्वीचीच असणार हे कुणालाही नाकारता येत नाही. ती कुठल्या घरात, कशाच्या सोबत होती याचीही नोंद आहे. तेरची मूर्ती ज्या मातीतून आली त्या मातीचा थर मात्र नोंदला गेलेला नाही. तिचा काळ ठरवायचा तर पाँपेईच्या मूर्तीशी तिचे साम्य दाखवावे लागते. भारतात घडलेल्या, भारतातच सापडलेल्या मूर्तीचे वय इटलीतल्या ज्वालामुखीकडून उसने घ्यावे लागते, आणि ही उसनवारी त्या संग्रहातल्या हजारो वस्तूंच्या बाबतीत आहे.

म्हणून लामतुरे यांना दोष द्यावा काय? काही अभ्यासकांचा सूर तसा असतो, आणि तत्त्वतः त्यांचे म्हणणे बरोबर आहे. गावात कुणीतरी जुन्या वस्तू जमवतो आहे हे कळले की त्या शोधण्यासाठी उकराउकरी वाढण्याचा धोका असतो, आणि थरापासून सुटलेली वस्तू इतिहासाचा पुरावा म्हणून अर्धीच उरते. परंतु हा आक्षेप घेताना त्यांच्यासमोर पर्याय कोणते होते ते पाहिले पाहिजे. लामतुरे यांनी उचलले नसते तर ते मणी आणि मूर्ती जागच्या जागी थरात सुरक्षित राहिल्या नसत्या. पांढर उपसली जातच होती. त्या माळवदावर गेल्या असत्या, शेतात विखुरल्या असत्या, किंवा एखाद्या दलालाच्या पिशवीतून शहराकडे आणि तेथून परदेशाकडे गेल्या असत्या. पुराणवस्तूंच्या नोंदणीची सक्ती करणारा आणि त्यांच्या निर्यातीवर कडक निर्बंध घालणारा आजचा केंद्रीय कायदा १९७२ चा आहे. त्याआधीच्या काळात खेड्यातल्या एका माणसाने वस्तू गावाबाहेर जाऊ दिल्या नाहीत, विकल्या नाहीत, आणि अखेर सार्वजनिक मालकीच्या केल्या, हे वजन आक्षेपाच्या पारड्यापेक्षा जड आहे. त्याच वेळी, हीच वाट आज दुसऱ्या गावातल्या एखाद्या हौशी माणसाने धरावी असे मात्र सुचवता येणार नाही. तेव्हा जे शहाणपणाचे होते ते आज कायद्याच्याही आणि अभ्यासाच्याही विरोधात जाते.

गोरोबाकाकांचे गाव

तेरला येणाऱ्या बहुतेकांना तगर, रोमन व्यापार किंवा चैत्यकमान यांच्याशी काही देणेघेणे नसते. ते गोरोबाकाकांच्या समाधीला येतात. ज्ञानेश्वर आणि नामदेवांच्या काळातले, संतमेळ्यात वयाने वडील मानले गेलेले गोरा कुंभार याच गावचे, आणि चैत्र वद्य त्रयोदशी ही त्यांच्या समाधीची तिथी. त्यांच्या घरी जमलेल्या संतांची डोकी थापटण्याने ठोकून 'कच्चे मडके' ओळखण्याची कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे, आणि कच्चे ठरलेले नामदेव त्यानंतर विसोबा खेचरांकडे गेले, असे ती कथा पुढे सांगते.

इतिहासाचा पुरावा म्हणून ही कथा येथे आणलेली नाही. परंतु तरंगणारी वीट भाजणारे, दुहेरी साच्यातून पांढऱ्या मातीच्या मूर्ती काढणारे आणि मडक्याला थापटण्याने टिचकी देऊन पक्केपणा पारखणारे, असे मातीकाम करणाऱ्यांचे हात या गावात फार जुन्या काळापासून होते, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. समाधीला येणाऱ्या भाविकाला संग्रहालयाच्या दारापर्यंत न्यायचे असेल, तर पेरिप्लसच्या नावाने तो येणार नाही. 'गोरोबाकाकांच्याही आधीच्या कुंभारांचे काम बघा' असे म्हटले तर बहुधा येईल. येथे गावातल्या दोन परंपरा एकमेकींना हात देऊ शकतात, आणि आजपर्यंत त्या बऱ्याच अंशी शेजारीशेजारी राहूनही परक्या राहिल्या आहेत.

पुढे काय करता येईल

देवळाच्या बाबतीत मुख्य काळजी सामग्रीची आहे. आजवरच्या दुरुस्त्या चुन्याच्या होत्या, आणि चुन्यातून भिंतीतला ओलावा बाहेर पडू शकतो. सिमेंटचा गिलावा जुन्या विटेवर चढवला की ओल आत कोंडते, क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली साचून तिचे पापुद्रे सुटू लागतात, आणि मऊ जुनी वीट कडक नव्या थरामागे पोकळ होत जाते. बाहेरून भिंत नवी दिसत असते, म्हणून हे नुकसान लवकर ध्यानातही येत नाही. नांदत्या देवळाची देखभाल भाविकांच्या हातून होणार हे गृहीत धरून, त्या हातांना बंदी करण्याऐवजी योग्य चुना आणि तो वापरणारा गवंडी उपलब्ध करून देणे अधिक उपयोगाचे ठरेल. ज्या हातांनी हजार-दीड हजार वर्षे देऊळ उभे ठेवले, त्यांना केवळ एका फलकाने बाजूला सारणे व्यवहार्यही नाही आणि न्याय्यही नाही.

पांढरीचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, कारण तेथे लोक राहतात. घर बांधणाऱ्याला पाया खणावाच लागतो, शौचालयाचा खड्डा घ्यावाच लागतो, जलवाहिनीसाठी चर काढावाच लागतो. सगळ्या पांढरीवर खोदकामाला मनाई करणे म्हणजे गावाला गाव म्हणून राहू न देणे होय, आणि असा नियम केला तर लोक सापडलेली वस्तू दाखवण्याऐवजी लपवतील. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या १० रुपयांवरील मोलाच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे, पण खापराचा तुकडा किंवा शंखाची फुटकी बांगडी घेऊन कुणीही त्या कचेरीत जात नाही, आणि ते समजण्यासारखेही आहे.

त्यापेक्षा साधा उपाय नोंदवहीचा आहे. पाया खणला जात असताना संग्रहालयातल्या कर्मचाऱ्याने किंवा गावातल्या शाळेच्या शिक्षकाने तेथे जाऊन चार गोष्टी लिहून घ्याव्यात : जागेचा गट क्रमांक किंवा घर क्रमांक, खड्ड्याची खोली, किती खोलीवर मातीचा रंग बदलला, आणि काय सापडले. सोबत मोजपट्टी लावून खड्ड्याच्या भिंतीचे एक छायाचित्र घ्यावे. आज प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल त्यासाठी पुरेसा आहे, आणि तोच जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदवतो. वस्तू घरमालकाकडून काढून घेतली जाणार नाही, उलट त्याच्या नावाने नोंद होईल, हा भरवसा मात्र आधी द्यावा लागेल. तो नसेल तर वही कोरी राहील. दहा वर्षांत अशा दोन-तीनशे नोंदी जमल्या, तर पांढरीच्या कुठल्या भागात वस्ती आधी होती आणि कुठे नंतर पसरली, याचा नकाशा नवे उत्खनन न करताही काढता येईल, आणि संग्रहालयात पुढे येणाऱ्या वस्तूच्या चिठ्ठीवर 'तेर' या एका शब्दाखाली गट क्रमांक आणि खोलीचा आकडाही लिहिता येईल.